बीसीएम गेला, असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा



आज पापडाबद्दल नाही, हप्त्याबद्दल नाही. आज गाडीच्या वायरिंगबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आपल्या भागात गटांनी मिळून पिकअप नाहीतर छोटा ट्रक घेतल्याची उदाहरणं आता कमी नाहीत. गाडी बहुतेक जुनीच असते, कुणाकडून तरी घेतलेली. कर्ज गटाचं, चेकवर सह्या आपल्या, आणि गाडी बिघडली की गॅरेजवाला बोलतो ड्रायव्हरशी. आपण शेजारी पिशवी धरून उभ्या. आकडा सांगायच्या वेळी मात्र तो आपल्याकडे वळतो.

आमच्या सात गटांची मिळून एक पिकअप आहे, नऊ वर्षं जुनी. ओतूर भागातली मेथी, कोथिंबीर रात्री भरायची आणि माळशेज घाट उतरून उजाडायच्या आत कल्याणच्या मार्केटला पोचवायची, हे तिचं काम. गेल्या पावसाळ्यात ती विचित्र वागायला लागली. ब्रेक दाबला की वायपर एकदा हलायचा. सकाळी बॅटरी उतरलेली, ढकलून चालू करायची. आणि एका रात्री घाटात उजव्या बाजूचा हेडलाइट गेला, थोड्या वेळाने आपोआप आला, परत गेला. ज्यांनी पावसात माळशेज पाहिलाय त्यांना सांगायला नको. धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा हाच रस्ता असतो. ड्रायव्हर आमच्याच एका ताईंचा मुलगा. त्या रात्रीनंतर ताई म्हणाल्या, लाइट नीट झाल्याशिवाय पोराला गाडीवर पाठवणार नाही. कोथिंबीर तर थांबत नाही, दोन दिवसांत पिवळी पडते.

पहिल्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘बीसीएम गेला. चौदा हजार, मजुरी वेगळी, निम्मे आगाऊ द्या.’ बैठकीत पहिला प्रश्न आमच्या अध्यक्षताईंचा होता, ‘बीसीएम म्हणजे काय असतं गं?’ पैसे देण्याआधी विचारायचा प्रश्न तोच.

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्युल. इंजिन चालवायचं काम त्याचं नाही, त्याला वेगळा डबा असतो. हा सांभाळतो बाकीचा संसार: हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दरवाज्यांचं लॉक, आतला दिवा. कोणत्या गाडीत यातलं काय काय त्याच्याकडे असतं ते मॉडेलवर ठरतं. अगदी जुन्या ट्रकमध्ये बटण दाबलं की वीज बटणातून किंवा रिलेमधून सरळ दिव्याकडे जायची. पाणी उपसायची मोटर चालते तसंच. आताच्या गाडीत बटण नुसता निरोप देतं, ‘दिवा लावायचाय.’ तो निरोप या डब्याला मिळतो आणि मग डबा दिव्याला वीज सोडतो. गाडीतले असे डबे आपसात दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. म्हणून एका ठिकाणी बिघडलं की तीन ठिकाणी खोड्या दिसतात, आणि म्हणूनच दोष या डब्याच्या माथी मारणं सोपं जातं. घरात दूध नासलं की सुनेला विचारतात, तशातली गत.

तर मैत्रिणींनो, ‘बीसीएम गेला’ असं कुणी म्हटलं की आधी तीन गोष्टी तपासायला लावायच्या. मल्टिमीटर कुठल्याही वायरमनकडे असतो आणि या तपासण्या आपल्या डोळ्यांसमोर होतात.

पहिली बॅटरी. गाडी काही तास बंद उभी असेल तर बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2च्या खाली असेल तर ती निम्मी रिकामी समजा. इंजिन चालू केल्यावर आकडा 14च्या आसपास गेला पाहिजे. नाही गेला तर चार्जिंगचंच दुखणं आहे, आणि वीज कमी पडली की हे डबे वेड्यासारखे वागतात. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, तिथे हे आकडे दुप्पट धरायचे.

दुसरी अर्थिंग. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या गाडीत निम्मी रडगाणी हिचीच असतात असं मला आता वाटायला लागलंय. दिव्यात गेलेली वीज परत बॅटरीकडे यायला वाट लागते. ती वाट म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीच्या वजा टोकाची वायर आणि इतर काही वायरी बोल्टने बॉडीला बांधलेल्या असतात. त्या बोल्टाखाली गंज चढला की वाट अडते. मग वीज दुसरी वाट शोधते आणि भलत्याच दिव्यातून, भलत्याच मोटरमधून परत येते. ब्रेक दाबल्यावर वायपर हलायचा तो यानेच. तपासायचं असं: दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरं बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला लावायचं. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आमच्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या वर आला. तालुक्याच्या दुसऱ्या वायरमनने डॅशबोर्डखालचा तो बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला, आणि वायपरचं भूत उतरलं. याचे त्याने दीडशे रुपये घेतले.

तिसरी गोष्ट स्कॅनर. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला यंत्र जोडलं की गाडीने स्वतःच नोंदवलेले दोष वाचता येतात. ते लिहून घ्यायला सांगा. नुसतं ‘मशीनवर दाखवतंय’ यावर पैसे देऊ नका.

आता कुणी म्हणेल, बघा, गॅरेजवाला फसवत होता. तसंही नाही. अर्थिंग साफ झाली तरी उजवा हेडलाइट आणि बॅटरी उतरणं सुटलं नव्हतं. वायरमनने गाडी बंद करून, कुलूप लावून अर्धा तास तशीच ठेवली, कारण हे डबे झोपायला वेळ घेतात. मग बॅटरीतून किती वीज जातेय ते मोजलं. बंद गाडीत हा आकडा साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावा. आमच्याकडे एक अँपिअर जात होता. म्हणजे दिवसाला 24 अँपिअर-तास. आमची बॅटरी 75ची. दोन दिवस गाडी उभी राहिली तरी ती का उतरत होती, याचा हिशोब बचत गटातल्या बाईला वेगळा समजवायला नको. मग तो एकेक फ्यूज काढत गेला. बीसीएमचा फ्यूज काढल्याबरोबर गळती थांबली.

डबा उघडला तर आत पट्टीवर हिरवट-पांढरा थर. पुढच्या काचेचं रबर एका कोपऱ्यात कुजलं होतं, पावसाचं पाणी खांबाच्या आतून खाली उतरून नेमकं त्या डब्यावर ठिबकत होतं. आधीच्या मालकाने जादा लाइटची वायर जोडायला कनेक्टरची कातडीही सोललेली होती, तिथून पाण्याला आणखी वाट मिळाली. कधी कधी आतला एखादा रिले जातो किंवा टाका सुटतो आणि चांगला कारागीर तो दुरुस्त करून देतो. पण पट्टीच खाल्ली गेली असेल तर दुरुस्ती किती दिवस टिकेल याची खात्री नसते. घाटात रात्री चालणाऱ्या गाडीला मी ती घेऊ दिली नाही.

मग प्रश्न आला, नवा घ्यायचा की भंगारातला. भंगारात निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता, दोघीतिघींचं मत तिकडे झुकलं होतं. पण या डब्याच्या पोटात ज्या गाडीतून तो काढला तिची ओळख भरलेली असते. बऱ्याच गाड्यांत किल्लीची ओळखही त्यातच असते. ती जुळली नाही तर गाडी चालूच होत नाही. काही गाड्यांत किलोमीटरचा आकडाही तिथे जपलेला असतो. जुना डबा नव्या गाडीची ओळख घेईलच असं नाही. आणि तो चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलिसांपुढे उभं राहायचं गटाने. घ्यायचाच तर डब्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, ज्या गाडीतून निघाला तिचा चेसिस नंबर बिलावर लिहून घ्या, आणि ‘कोडिंग झालं नाही तर परत’ हेही लिहून घ्या. आम्ही नवा घेतला. तीन ठिकाणचे दर मागवून बैठकीत ठराव केला. पैसे गाडीच्या खात्यातून आले. प्रत्येक फेरीला शंभर रुपये आम्ही दुरुस्तीसाठी बाजूला टाकतो, त्याला कुणी हात लावत नाही. आणि घाई होतीच. माल वाहणारी गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी करावा लागतो, आमची तारीख पुढच्या महिन्यात होती.

डबा बदलताना आमच्या सचिवताई आणि मी स्टूल घेऊन बसलो. आधी काचेचं रबर बदलून घेतलं आणि वरून बादलीभर पाणी ओतून पाहिलं. हे आधीच करायचं, नाहीतर नवा डबाही त्याच वाटेने जाईल. मग जुना डबा जेवढा वाचता येत होता तेवढा स्कॅनरवर वाचून ठेवला, किलोमीटरचा फोटो काढला. किल्ली बाहेर, बॅटरीचं वजा टोक सोडलं आणि पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही. डब्याला पाच कनेक्टर होते. वायरमन म्हणाला, लक्षात राहतं माझ्या. सचिवताईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक कनेक्टरला आणि त्याच्या वायरीला एकाच रंगाची टिकली लावली. तो हसला, पण जोडताना टिकल्या बघूनच जोडत होता.

नवा डबा बसवल्यावर कोडिंग. ते चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवायला सांगा. मध्येच वीज पडली तर नवाकोरा डबा अर्धवट शिकलेला राहतो, कधी कधी कायमचा बाद होतो. किल्ल्या दोन्ही घेऊन जा. एकच नेली तर घरी राहिलेली दुसरी पुढे निरुपयोगी ठरू शकते.

पैसे अंधार पडल्यावर दिले. आधी एकीने मागे, एकीने पुढे उभं राहून सगळे दिवे, इंडिकेटर, रिव्हर्सचा लाइट, हॉर्न, वायपर, दोन्ही लॉक बघून घेतले. परत अर्धा तास थांबून गळती मोजायला लावली. 30 मिलिअँपिअर आली.

आता नियम असे केलेत. गाडी धुताना पाण्याचा फवारा डॅशबोर्डकडे आणि बॉनेटखाली मारायचा नाही. हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडायची. जादा लाइट किंवा टेप बसवायचा तर वायर सोलायची नाही, वेगळा फ्यूज आणि रिले लावून जोडायचं. दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडताना लाल आणि काळं दोनदा बघायचं. उलटं लागलं तर एका ठिणगीत हा सगळा खर्च परत. हे एका कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवलंय. पार्ट नंबर, बिल आणि वॉरंटीची तारीख गटाच्या दप्तरात आहे, आणि दुसरी किल्ली पैशाच्या पेटीत. जुना डबा वायरमनने ठेवून घ्यायला मागितला होता. तो आम्ही परत आणला. पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत तो उघडून टेबलावर ठेवणार आहोत, ज्यांच्या गटाची गाडी आहे त्यांनी येऊन बघावा.