जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका
(रेडी येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात मंद झालेला लॅपटॉप पडून असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही संपला. पण वाडीवरच्या मुलांच्या अभ्यासाला तो अजून उपयोगी पडेल.

लुबुंटू ही लिनक्सची हलकी प्रणाली मोफत मिळते. चार जीबी रॅमवर ती बरी चालते. रॅम दोनच जीबी असेल तर अँटीएक्स घ्यावी. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती रुफसने उतरवा, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि आधी नुसती वापरून पाहा. वाय-फाय, आवाज, मराठी टायपिंग तपासा. मगच इन्स्टॉल करा. वीज जाते, म्हणून बॅटरी भरलेली ठेवा.

एक चूक मात्र करू नका. मी घाईत ‘डिस्क पुसा’ निवडले आणि घरच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. आधी फायली दुसरीकडे उतरवा.

लिब्रेऑफिस नेटशिवाय चालते; वाडीवर रेंज नसली तरी मूल निबंध लिहू शकते. तेव्हा लॅपटॉप देताना चार्जर विसरू नका. त्याच्यावाचून सगळे अडते.