मर्यादवेल आणि बेशरम

आम्ही जुन्नरची माणसं. समुद्राशी आमचा संबंध पावसाळी ढगांपुरता. त्यामुळे काही वर्षांपूर्वी केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्यात हजेरी लावून किनाऱ्यावर गेलो, तेव्हा वाळूत ओळखीचं पान दिसल्याचा आनंद झाला. मधोमध दुभंगलेलं, थेट आपट्याचं! मी ते एका जांभळट फुलासकट वहीत ठेवलं आणि घरी आल्यावर कविता लिहिली. ‘वाळूवरचा आपटा’ तिच्यात छान बसला. कविता छापूनही आली.

मग एका वाचकाचं पत्र आलं. आपटा म्हणजे झाड, ते वाळूवर सरपटत नाही, एवढंच दोन ओळींत लिहिलं होतं. कवीला एवढंसं पत्र पुरतं.

त्याच आठवड्यात घोडेगावला मित्राकडे जायचं होतं. वही बरोबर नेली. त्याच्या आईनं पानाकडे पाहिलंही नाही. वाळलेलं फूल तेवढं बोटांनी उलगडलं आणि कालव्याकडे हात केला. “आवं, ही तर बेशरमाची बहीण दिसती!”

आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांचा नेम अचूक होता. पुढे पुस्तकांत पाहिलं. ही वेल, आपलं बेशरम आणि उपासाचं रताळं, तिघंही आयपोमिया या एकाच प्रजातीतले. फूल तेच, कर्ण्यासारखं. माझं पान मात्र जाड, तुकतुकीत. तोडलं की चीक येतो. हे किनाऱ्यावरच लक्षात यायला हवं होतं. लिनियसनं 1753 साली त्या दुभंगलेल्या पानावरूनच तिला शेळीच्या खुराचं लॅटिन नाव दिलं. कोकणात तिला मर्यादवेल म्हणतात.

म्हणजे एक बहीण बेशरम आणि दुसरी मर्याद! नावं ठेवावीत ती आपल्या लोकांनीच.

पण कोकणातलं नाव नुसतं गमतीचं नाही. भरतीची लाट जिथवर पोचते, त्याच्या वरच्या अंगाला ही वेल पसरते. पेरापेराला मुळं फुटतात, वाळू धरून ठेवतात. वाऱ्यानं उडालेली वाळू पानांत अडकते आणि उंचवटा वाढत जातो. बिया खाऱ्या पाण्यावर महिनोन्‌महिने तरंगून दूरच्या किनाऱ्यावर रुजतात. तिच्यावरून हौसेनं गाड्या फिरवणाऱ्यांना ठाऊक नसतं, की वेल तुटली तर वाळूही सुटते.

कविता दुरुस्त करायला बसलो. ‘आपटा’ पाच मात्रांचा, ‘मर्यादवेल’ आठांची. ती ओळ अजून बसलेली नाही.