स्मरणाची ओंजळ



सिद्धवटाच्या घाटावर पितरांना तिलोदक देणाऱ्या या नगरीला स्मरणाचे मोल सांगावयास नको. तर्पणात एक ओंजळ नात्यात नसलेल्यांसाठीही सोडली जाते. प्रियजनांच्या स्मरणार्थ कर्करोग-संशोधनास दिलेले दान हे त्या ओंजळीचेच रूप होय.

सन १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. धनाची वाण नव्हती; परंतु त्या व्याधीवर खात्रीचा उपचारच नव्हता. पती सर दोराबजी यांनी १९३२ साली त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापिला व त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगभरातील रक्त-कर्करोगाच्या संशोधनास वाहिला. त्याच वर्षी दोराबजीही गेले; फळ त्यांनी पाहिले नाही.

१९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. फ्रीगंजातील अनेक घरांना ती वाट ठाऊक आहे. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संशोधनाचा पाया घातला. पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले आणि डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आज बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्त-कर्करोगात वेळेवर व पूर्ण उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुले बरी होतात.

औषधाने आजचा रुग्ण सावरतो. संशोधनाने उद्याचा, ज्याचे नावही ठाऊक नाही असा. म्हणून वर्षश्राद्धाच्या दिवशी अन्नदानासोबत यथाशक्ति एक वाटा संशोधनासाठी काढावा. पावतीवर नाव आपल्या माणसाचे राहील. प्राण कोणा परक्याचे वाचतील. तर्पण याहून निराळे काय असते?