उदयपूर पाहिलं, धुळं राहिलं



धुळ्याच्या एका शाळेत मी तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे, पण एक उत्तर चुकलं होतं, ते अजून मनात सलतं. मुलांचं नव्हे, माझं. आज ते दुरुस्त करावं म्हणून तुमच्यापुढे बसलो आहे.

१९९४ साली आम्ही दहावीची मुलं घेऊन उदयपूरला सहलीला गेलो होतो. रात्रभर लक्झरीत अवघडून बसलेली मुलं पिछोला तलाव दिसताच टुणकन उठून बसली. काठावर पसरलेला तो पांढरा राजवाडा, पाण्यात अलगद ठेवल्यासारखा दिसणारा जगनिवास, संध्याकाळी फतेहसागरवरचा गार वारा. महाराणा उदयसिंहांनी सोळाव्या शतकात वसवलेलं हे शहर आजही आपला इतिहास पाहुण्याला हौसेनं दाखवतं. राजवाड्याच्या संग्रहालयात महाराणा प्रतापांचं चिलखत पाहून मुलं गप्प झाली. तेवढ्यात एकानं विचारलं, "सर, आपल्या खानदेशात असं काही नाही का?"

मी डोकी मोजण्याच्या घाईत होतो. म्हणालो, "आपल्याकडे कुठलं रे? आपल्याकडे ऊन आणि कापूस!" मुलं हसली. मीही हसलो.

आता गंमत पाहा. ज्या शाळेतून आम्ही निघालो होतो, तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. बाजारात जाताना त्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. पण एकाही वर्गाला तिथे नेलं नव्हतं.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हे नाव पुस्तकात एका ओळीत येतं आणि परीक्षेत एका गुणाला. पण या माणसानं काय केलं? तरुणपणीच पत्नी गेली, पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव पायपीट करायची, देशमुख-देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या माळ्यावरची दप्तरं उघडायची, उंदीर-वाळवीनं खाल्लेले मोडी कागद झटकायचे, वाचायचे, उतरवून घ्यायचे. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड उभे राहिले. पहिला खंड १८९८ सालचा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्यांत ते होते. पुढे पुण्याशी बिनसलं आणि ते धुळ्यात येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांचे कागद, त्यांची टिपणं वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धुळेकरांनी पुढच्याच वर्षी मंडळ काढलं. त्या वास्तूत कागदपत्रांबरोबर जुन्या मूर्ती आणि नाणीही आहेत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि जाऊन पाहणं वेगळं. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो निवृत्तीनंतर, आणि तिथल्या कागदांपुढे उभा राहिलो तेव्हा मला आमच्या घरातला बंब आठवला.

सांगतो. आमचं मूळ गाव पांझरेच्या काठी. आजोबांकडे गावचं कुलकर्णीपण होतं. माळ्यावर लाल कापडात बांधलेली चार-पाच दप्तरं होती. आजोबा गेले, वडील नोकरीसाठी शहरात आले. घरात मोडी वाचणारं कोणी उरलं नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका पावसाळ्यात सरपण ओलं झालं, तेव्हा आजीनं एक दप्तर खाली काढलं. मी विचारलं तर म्हणाली, "आते हाई कोन वाचस, भो?" आता हे कोण वाचतं! महिनाभर आमच्या अंघोळीचं पाणी त्या कागदांवर तापलं. कागद पेटत्या बंबात टाकायचं काम माझं होतं. जाडसर, पिवळट कागद. शाई मात्र काळीभोर.

त्यात काय होतं, कोणास ठाऊक. कदाचित नुसती सारावसुली असेल. पण राजवाड्यांनी ज्यांवरून इतिहास लिहिला, ते कागदही असेच कोणाच्या तरी माळ्यावरचे होते. आजीला दोष देत नाही. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि पुढे इतिहासाचा मास्तर होऊनही मी खानदेशात ऊन आणि कापूसच आहे असं सांगून आलो!

म्हणून गेल्या काही वर्षांत मी माझी राहिलेली सहल करतो आहे. तीही एका दमात नाही, सुटीच्या एकेका दिवशी. उदयपूरला तलाव, वाडे आणि संग्रहालयं आहेत ना? आपणही तेच पाहू.

सुरुवात धुळ्यातून. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं इथे ठाणं केलं आणि नवी पेठ आखली. आपल्या सरळ, नंबर घातलेल्या गल्ल्या तेव्हापासूनच्या वळणाच्या. त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. या मंदिरात देव विद्येचा आहे आणि मूर्तीच्या जागी पोथ्या. शंकरराव देवांनी मठामठांतून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं तिथे जपली आहेत. तलाव पाहायचा तर नकाणे आहे, डेडरगाव आहे. पिछोल्यासारखा राजवाडा त्यांच्या काठी नाही, पण धुळ्याची तहान त्यांनी भागवली, ही श्रीमंती कमी नाही.

जळगावच्या रस्त्याला लागलं की पारोळ्याचा भुईकोट. अठराव्या शतकात जहागीरदारानं बांधलेला, भोवती खंदक. झाशीच्या राणीच्या सासरकडच्या नेवाळकरांचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर इंग्रजांनी किल्ला जप्त केला. पुढे एरंडोलहून आत वळलं की पद्मालय. गणपतीचं देऊळ आणि समोर कमळांनी भरलेलं तळं. कमळं फुललेली असली की फतेहसागरची आठवणही होत नाही.

जळगावात मेहरूणचा तलाव आहे. जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, २०१२ साली उघडलेलं. एका माणसाचं आयुष्य इतक्या निगुतीनं मांडलेलं संग्रहालय पाहायला परप्रांतातून लोक येतात. पण माझा पाय अधिक रेंगाळला तो जुन्या जळगावात, बहिणाबाई चौधरींच्या घरी. लिहिता-वाचता न येणारी ही माउली शेतात, जात्यावर ओव्या रचत गेली. त्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी कागदावर उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि त्या कविता आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुढच्या वर्षी छापून आल्या. विचार करा, ती वही कोणी बंबात घातली असती तर? 'आता हे कोण वाचतं' असं त्या घरात कोणी म्हटलं असतं तर?

उदयपूर आणि आपल्यात खरा फरक राजवाड्यांचा नाही. त्यांच्या राजांनी जपलं, आपल्याकडे साध्या माणसांनी जपलं. राजवाडे, देव, सोपानदेव. यांतल्या कोणाकडे ना गादी होती ना तिजोरी. राजाचं राहिलेलं आपोआप डोळ्यांत भरतं. साध्या माणसानं जपलेलं मात्र आपण होऊन जाऊन पाहावं लागतं.

गेल्या दिवाळीत तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी मुलीला घेऊन भेटायला आला. आता नाशकात नोकरीला असतो. चहा झाला तसा मी म्हटलं, "चल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय." त्याला काही आठवेना. दोघांना मंडळात घेऊन गेलो. मुलगी मोडीच्या एका कागदापुढे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आजोबा, हे वाचायला शिकता येतं का?"

या वेळी मी घाई केली नाही. म्हटलं, "येतं बाळ. मीही आताच शिकतोय."

श्रोतेहो, सहलीला लांब जरूर जा. उदयपूर सुंदरच आहे. पण निघण्याआधी एकदा आपल्या गावातलं, दहा मिनिटांवरचं ते दार ढकलून आत जा. आणि घरी माळ्यावर लाल कापडात बांधलेलं काही असेल, तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवा. आमच्या घरी तेवढंच करायचं राहून गेलं.