माझे शिवणकाम आणि माझी वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही, तरी चूकभूल पदरात घ्यावी. घरबसल्या धंदा कसा वाढवावा यावर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझा धंदा मध्यंतरी इतका वाढला की मीच आडवी व्हायची वेळ आली. तेव्हा तेच सांगते.

सासूबाईंच्या पायमशीनवर मी ब्लाउज शिवू लागले. पुढे मोटर बसवली. कोणाला नाही म्हणायचे नाही, हा माझा बाणा. ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक, पिको-फॉल, पडद्याची शिवण, सगळे घ्यायचे. ‘परवा नेते हं,’ म्हणून बाई पिशवी ठेवून जाई आणि मी मान डोलवी.

2022 सालच्या लग्नसराईत रात्री एकच्या सुमारास मी एका नवरीच्या पैठणीचा ब्लाउज बेतला. सकाळी पाहते तो दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! काठाचे कापड संपलेले, लग्न तिसऱ्या दिवशी. मी ब्रोकेडचे कापड पदरचे आठशे रुपये घालून आणले आणि शिवून दिले. मुलीची आई एक शब्द बोलली नाही. तिने कापलेल्या बाह्या तेवढ्या घडी करून पिशवीत घातल्या. ती बोलली असती तर बरे झाले असते.

त्याच महिन्यात उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सुई धरवेना. मनगटातली शीर दाबली गेली आहे, हाताला विश्रांती द्या, असे डॉक्टर म्हणाले.

घरी बसून प्रथमच हिशेब मांडला. अस्तराच्या एका ब्लाउजला बेतण्यापासून हुकापर्यंत अडीच तास लागतात. मी रोज आठ कबूल करीत होते, म्हणजे वीस तास! मग स्वयंपाक कधी, झोप कधी? प्रत्यक्षात पाच होत आणि तीन उद्यावर जात. एवढे साधे गणित मला इतकी वर्षे सुचले नव्हते.

ह्यांचे म्हणणे पडले, बाजारात गाळा घे, दोन मुली ठेव. बोलणे खोटे नव्हते. लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्या जाणतो. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली आणि आज हजारो बायका त्यावर मिळवतात. पण पापड कोणी लाटला हे खाणाराला कळत नाही. ब्लाउज कोणी बेतला हे मात्र नेसणारीला मुंढ्यात लगेच कळते. मुली शिवतील, माप घेणे, बेतणे आणि बोलणी खाणे माझ्याकडेच राहणार. वर दरमहा भाडे. गाळा मी घेतला नाही. ज्यांचे काम वाटून देण्यासारखे आहे त्यांनी जरूर घ्यावा.

मी एक वही केली. रोज चार ब्लाउज, रविवारी मशीनवर कापड टाकलेले. पान भरले की पुढची तारीख. फ्रॉक आणि पडदे बंद. हुक आणि हातशिलाई शेजारच्या वहिनींकडे दिली. त्यांना ब्लाउजमागे चाळीस रुपये मिळतात आणि माझा अर्धा तास वाचतो. शिलाई अडीचशेची साडेतीनशे केली. हे सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. आरशासमोर उभी राहून दोनदा म्हणून पाहिले, तेव्हा कुठे तोंडातून निघाले!

अस्तर आणि वहिनींचे पैसे वजा जाता ब्लाउजमागे दोनशे साठ उरतात. पूर्वी अस्तर जाऊन दोनशे उरत. दिवसाचे एक हजार चाळीस झाले. पूर्वी पाचांचे हजारच होत, पण साडेबारा तास बसून. आता आठ तासांत उठते. रविवार गेल्यामुळे सराईत आठवड्याला साडेसातशेच्या वर कमी पडतात, ते मी लपवीत नाही.

गिऱ्हाइकेही तुटली. माझा पहिला ब्लाउज ज्यांनी शिवून घेतला, त्या आजी भाव ऐकून उठून गेल्या. वाटेत भेटल्या तर बोलतात, पण कापड आणीत नाहीत. त्यांच्यापुरता जुना भाव ठेवायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वहिनी आता माझ्याजवळ बेतायला शिकत आहेत. परकराच्या कापडावर हात बसला आहे, ब्लाउजला अजून अवकाश आहे.

दिवाळीचे कापड ज्यांना द्यायचे असेल त्यांनी दसऱ्याच्या आत आणून टाकावे. वही मी बरोबर आणली आहे, चहा झाल्यावर नावे लिहून घेते. मापाचा ब्लाउज मात्र अंगाला बसणारा आणावा, दहा वर्षांपूर्वीचा नको.