आपल्या सभागृहाची दिवेयोजना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सभागृहाच्या दिव्यांसाठी जमविलेली रक्कम आता खर्च करावयाची आहे, आणि ती कशावर करावी याविषयी आपल्यात दोन तट पडले आहेत हे काही गुपित नाही. एका पक्षाला फिरते रंगीत दिवे हवेत, धूर सोडणारे यंत्रही हवे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आणखी चार ट्यूबलाइट लावा म्हणजे झाले. लातूरला शाळेत विज्ञान शिकवीत असताना मुलींच्या नाटकांचे दिवे मी सांभाळीत असे, एवढ्या भांडवलावर मला आज बोलावयास सांगितले आहे. तेव्हा दोन्ही पक्षांना थोडे नाराज करावे लागेल, हे आरंभीच सांगून ठेवते.

रंगमंचावर दिवा असतो तो आधी चेहरा दिसावा म्हणून. माळेगावच्या यात्रेत गॅसबत्त्यांच्या उजेडात तमाशाचे फड रंगत, ही आठवण आपल्यातल्या वडीलधाऱ्या सांगतात. बत्ती टांगलेली असे, म्हणून कपाळ उजळे आणि डोळे मात्र खोबणीत बुडत. ट्यूबलाइट डोक्यावर लावली की आजही तेच होते. समोरून सरळ दिवा मारला तर चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. यावर येल विद्यापीठाच्या स्टॅन्ले मॅकँडलेस यांनी १९३२ साली एका पुस्तकात सोपी रीत सांगितली. रंगमंचाचे लहान लहान भाग पाडावेत आणि प्रत्येक भागावर डाव्या व उजव्या अंगाने, पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून, दोन दिवे टाकावेत. एक किंचित पिवळसर, दुसरा किंचित निळसर. मग नाक, गाल, हनुवटी सारे उठून दिसते.

आपला मंच २४ फूट रुंद व १६ फूट खोल. आठ-आठ फुटांचे सहा भाग होतात, म्हणून दिवे बारा. दिवा १२ फूट उंच टांगला आणि उभ्या बाईचा चेहरा ५ फुटांवर धरला, तर फरक ७ फुटांचा. म्हणजे दिव्याचा दांडा तिच्यापुढे साधारण ७ फुटांवर यावयास हवा. हे गणित आठवीतल्या मुलीलाही जमते. म्हणूनच दांडा कुठे बसवावयाचा हे आधी कागदावर काढावे. कारागीर म्हणेल तिथे बसवू नये.

आता विजेचे पाहू. पूर्वीचे हॅलोजनचे दिवे एकेक हजार वॅटचे. असे बारा म्हणजे १२,००० वॅट. २३० व्होल्टांवर ५२ अँपिअर. आपल्या जोडणीला ते पेलणार नाही, आणि उन्हाळ्यात मंचावरच्या मुली भाजून निघतील त्या निराळ्याच. दीडशे वॅटचे एलईडी दिवे बारा घेतले तर १,८०० वॅट, म्हणजे आठ अँपिअरच्या आत. वीज गेली तर लहान जनरेटरवरही ते चालतील. मराठवाड्यात हा मुद्दा गौण नव्हे.

मात्र एलईडी घेताना एक फसगत होते. लाल, हिरवा व निळा मिसळून जो पांढरा उजेड तयार होतो, त्यात माणसाची कातडी आजारी दिसते. चेहऱ्यासाठी शुद्ध उबदार पांढराच दिवा घ्यावा, रंगीत दिवे मागच्या पडद्यासाठी ठेवावेत. रंगाचा आणखी एक खेळ आपण बायकांनी तरी ध्यानात घ्यावा. हिरव्या साडीवर लाल दिवा टाकला की साडी काळपट होते. निळ्या दिव्यात कुंकू काळे पडते. पंचमीच्या गाण्यांसाठी हिरवा चुडा, हिरवी लुगडी आणि वर लाल झोत, असा थाट मी पाहिला आहे. सारा फेर काजळून गेला होता. म्हणून साड्या ठरविणाऱ्या आणि दिवे ठरविणाऱ्या भगिनींनी एकत्र बसावे.

नाचाला समोरचा दिवा पुरत नाही. त्याला बाजूचा दिवा लागतो. दोन्ही विंगांत उभे खांब ठेवून डोक्याच्या, कमरेच्या आणि पोटरीच्या उंचीवर एकेक दिवा लावला की हातांची वळणे व पावलांचे काम स्पष्ट होते. आपल्याकडे भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुली आहेत, लावणी बसविणाऱ्याही आहेत. धुराच्या यंत्राचे पैसे या खांबांना द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंचापुढची मोकळी फरशी हा वेगळा प्रश्न. तिथे फेर, फुगडी, मंगळागौर, दांडिया, आणि प्रेक्षक व नाचणाऱ्या एकच. तिथे रंग हवेत, मी अरसिक नाही! पण फुगडीत आधीच गरगरते, त्यात लुकलुकणारे दिवे आले तर साठीच्या बायकांचा तोल जाणारच. शिवाय सेकंदाला तीन ते तीस वेळा उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी काही जणांना फेफरे येऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. म्हणून रंग सावकाश बदलणारे दिवे घ्यावेत, लुकलुक बंद ठेवावी, आणि पायऱ्यांवर व फरशीच्या कडेला मंद पांढरा उजेड सदैव असू द्यावा.

आता जे दिसत नाही त्याविषयी बोलते. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ साली सुमारे बाराशे विजेचे दिवे लागले, तेव्हा लोक घाबरले होते. मालकाने मंचावर येऊन मलमलीत गुंडाळलेला पेटता दिवा फोडला आणि मलमल जळाली नाही हे दाखविले. दिवा सुरक्षित होता खरा. पण त्यामागच्या तारा कशा आहेत ते मलमल सांगत नाही. हरियाणात डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले आणि त्यांच्या आया होत्या. आपल्या राज्यातले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. आपल्याकडे कापडी पडदे, सिंथेटिक साड्या आणि लहान मुले, सारे एकाच छताखाली असते.

तेव्हा पैशांचा पहिला वाटा वायरिंगला. परवानाधारक इलेक्ट्रिशियन, नीट अर्थिंग, तीस मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा-स्विच, दिव्यांचे व ध्वनिक्षेपकाचे वेगळे सर्किट, आणि वीज गेल्यावरही दारावर जळणारा बॅटरीचा दिवा. प्रत्येक दिव्याला दांड्यापासून दुसरी साखळी हवी. लातूरकरांना याचे कारण सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना डोक्यावर टांगलेले ओझे नुसत्या एका खिळ्यावर ठेवणे सहन होत नाही.

इतके केल्यावर फिरत्या दिव्यांना रक्कम उरणार नाही, हे मी जाणते. ते पुढील वर्षी घेता येतील. भिंतीतल्या तारा पुढील वर्षी बदलावयाच्या तर भिंत फोडावी लागते.

शेवटचा वाद, दिवे चालविणार कोण? भाड्याचा मुलगा बोलवावा असे काही भगिनींना वाटते. मला ते पटत नाही. राज्य नाट्यस्पर्धेत प्रकाशयोजनेला स्वतंत्र पारितोषिक मिळते. हे काम कलेचे मानले जाते. कलकत्त्याच्या तापस सेन यांनी १९५९ साली ‘अंगार’ नाटकात पाणी भरत जाणारी कोळशाची खाण केवळ दिव्यांनी उभी केली. आपले नियंत्रण-यंत्र तर साधे आहे. एका तारेने सारे दिवे एकामागून एक जोडलेले, आणि गल्लीतल्या घरांसारखा प्रत्येकाला क्रमांक. दिव्याला सहा खाती लागत असतील तर पहिल्याचा क्रमांक १, दुसऱ्याचा ७, तिसऱ्याचा १३. ज्या बायका भिशीचा हिशेब तोंडी ठेवतात त्यांना हे अवघड नाही.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मंचाची मापे पुन्हा घ्यावयाची आहेत. शिकू इच्छिणाऱ्या मुलींनी सुती कपडे व रबरी तळाच्या चपला घालून यावे, आणि कुणाकडे बारा फुटी लाकडी शिडी असेल तर कृपया शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचती करावी.