पन्नाशी गाठलेली पद्मिनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



 साहित्यावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही. म्हणून बाहेर उभ्या असलेल्या माझ्या प्रीमियर पद्मिनीविषयी चार शब्द सांगतो. तिलाही पन्नास वर्षे झाली आहेत.

वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९७४ पासून ही गाडी ‘पद्मिनी’ या नावाने तयार होऊ लागली. वडिलांनी १९७५ साली ती घेतली, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढे तिघांना पुरणारे सलग आसन. त्या आसनाच्या मधल्या जागेवर माझा हक्क असे.

पुढे माझ्या बदल्यांबरोबर ती तीन राज्ये फिरली. बारा महिन्यांहून अधिक मुक्काम झाला की नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागे. पाटी बदलली, गाडी तीच राहिली. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

अलीकडे मुलगी म्हणाली, “बाबा, आता हिची व्हिंटेज म्हणून नोंद करा.” २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाडीला वीस हजार रुपये भरून तसा खास क्रमांक मिळतो. परंतु त्यानंतर प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास मुभा नाही. मान मोठा होता. तरी मी विचारात पडलो.

कारण २०१९ साली आईच्या आजारपणात ही गाडी आठ महिने झाकून उभी होती. आच्छादन काढले तेव्हा कार्बुरेटरमधले पेट्रोल उडून तळाशी चिकट थर साचला होता. ब्रेकचे सिलिंडर अडकले होते, रबरी नळ्यांना चिरा गेल्या होत्या आणि बॅटरी निकामी झाली होती. इतक्या वर्षांच्या धावण्याने जे झाले नव्हते, ते आठ महिन्यांच्या विश्रांतीने झाले. म्हातारे मिस्त्री एवढेच म्हणाले, “साहब, गाड़ी खड़ी मत रखिए.”

तेव्हा मी निर्णय केला: दर पाच वर्षांनी तपासणी करून साधी नोंदणीच चालू ठेवावयाची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. दर रविवारी सकाळी चोक ओढून आम्ही जबलपूरहून भेडाघाटपर्यंत जाऊन येतो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुलीने तो सल्ला मला हिंदीत दिला होता. दोष तिचा नाही; घरात मराठी आम्हीच सणासुदीपुरती झाकून ठेवली होती. आता रविवारच्या फेरीत मराठीच बोलावयाचे, असा आमचा करार आहे. ती अडखळते, गाडीही चढावर अडखळते. दोघी पुढे जातात.

मेळावा आटोपल्यावर कोणास आमच्याबरोबर यावयाचे असेल, तर मागच्या तीन जागा मोकळ्या आहेत. अट तेवढी तीच.